कन्सोल प्रोग्रॅममध्ये एकाच शब्दाचा रंग कसा बदलायचा?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

सी++ शिकतोय. सरावासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. साध्या मजकुराच्या फाइलमधल्या नोंदी एकेक वाचायच्या, तारीख-रक्कम वगैरे रकाने बरोबर भरलेत का ते बघायचं आणि नोंदीपुढे 'ठीक' किंवा 'चूक' छापायचं. चालतो व्यवस्थित. पण नोंदी शेकड्यांनी असल्या की ओळी सरसर वर जातात आणि त्यातल्या दोन-चार 'चूक' हुडकताना डोळे थकतात. म्हणून 'चूक' लाल आणि 'ठीक' हिरवं दिसावं, एवढीच इच्छा.

पुस्तकात कोनिओ हेडर घेऊन टेक्स्टकलर वापरा असं दिलंय. माझा कम्पायलर (मिनजीडब्ल्यूचा जीसीसी) म्हणतो, असं फंक्शनच माहीत नाही. हेडर मात्र त्याला सापडतं! मग कुठेतरी वाचून सिस्टिम फंक्शनला 'कलर ०सी' ही आज्ञा दिली. लाल झालं, पण अख्ख्या खिडकीतलं. पुढच्या नोंदीला 'कलर ०ए' दिलं तर आधीचं लालही हिरवं झालं.

विंडोज ११ आहे. पुढे हाच प्रोग्रॅम लिनक्सवरही चालवायचाय. काय करावं?

जुनी_पाटी

ते पुस्तक टर्बो सीच्या काळातलं दिसतंय. टेक्स्टकलर, टेक्स्टबॅकग्राउंड, सीएलआरएससीआर ही सगळी बोर्लंडची घरची फंक्शनं. सी किंवा सी++च्या प्रमाणित लायब्ररीत ती कधीच नव्हती. कोनिओ नावाचं हेडर मायक्रोसॉफ्टकडे आणि मिनजीडब्ल्यूकडेही आहे, पण त्यात कळ वाचणारं गेटसीएच, केबीहिट अशी मोजकीच मंडळी आहेत. म्हणून हेडर सापडतं आणि फंक्शन सापडत नाही.

डॉसमध्ये हे काम फार सरळ होतं. पडद्यावर ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २००० जागा. प्रत्येक जागेला मेमरीत दोन बाइट, पहिला अक्षराचा आणि दुसरा रंगाचा. हा ४००० बाइटचा तुकडा रंगीत कार्डावर बी८०० या सेगमेंटपासून सुरू व्हायचा, आणि तिथे थेट लिहिलं की पडद्यावर उमटायचं. रंगाच्या बाइटमधले खालचे ४ बिट अक्षराचा रंग, पुढचे ३ पार्श्वभूमी आणि सगळ्यात वरचा बिट लुकलुकण्याचा. रंगाच्या आकड्यात १२८ मिळवले की अक्षर उघडझाप करायला लागायचं. परीक्षेच्या प्रोजेक्टांत त्याचा जो काही अतिरेक चालायचा, तो आठवला तरी डोकं दुखतं. आणि टेक्स्टकलर लावून साधं प्रिंटएफ वापरलं तर रंग येत नसे, सीप्रिंटएफ लागायचं. यावर किती पोरं अडली असतील!

'कलर' आज्ञेचं म्हणाल तर पहिला आकडा पार्श्वभूमीचा, दुसरा अक्षराचा. ती आधी छापलेल्या मजकुराचेही रंग बदलते, तिचं कामच ते आहे. (दोन्ही आकडे सारखे दिले तर ती रंग न बदलता एररलेव्हल १ करून परत येते. अदृश्य अक्षरांपासून वाचवायची सोय.) शिवाय सिस्टिम फंक्शनला हाक मारली की दर वेळी नवा सीएमडी जन्माला येतो. शेकडो नोंदींसाठी हा उद्योग करू नका.

दोन_कंस

विंडोजपुरतं उत्तर हवं असेल तर विन३२मधली (विंडोजची स्वतःची फंक्शनं) तीन फंक्शनं पुरतात.

गेटएसटीडीहँडलला एसटीडी_आउटपुट_हँडल देऊन कन्सोलचं हँडल घ्या. गेटकन्सोलस्क्रीनबफरइन्फोने सध्याचा रंग वाचून बाजूला ठेवा. मग सेटकन्सोलटेक्स्टअ‍ॅट्रिब्यूटला तुमचा आकडा द्या, 'चूक' छापा आणि ठेवलेला जुना आकडा परत लावा. शेवटी नुसता ७ लावणारे खूप दिसतात. तो काळ्यावर करडा असा जुना नेहमीचा रंग. पण वापरणाऱ्याने खिडकी पांढरी करून ठेवली असेल तर तुमचा ७ त्याच्या पांढऱ्यात काळे पट्टे मारणार.

आकडा असा बनतो: निळा १, हिरवा २, लाल ४, उजळ करायचं तर ८. बेरीज करत जा. उजळ लाल म्हणजे १२, उजळ हिरवा १०, पिवळा १४. पार्श्वभूमीसाठी हीच बेरीज गुणिले १६.

एक काळजी घ्या. हे फंक्शन कन्सोलशी थेट बोलतं, पण तुम्ही सीआउटला दिलेला मजकूर बफरात थांबलेला असू शकतो. मग रंग आधी बदलतो, मजकूर मागाहून येतो आणि भलताच शब्द लाल होतो. रंग बदलण्याआधी दर वेळी फ्लश करा, म्हणजे थांबलेला मजकूर लगेच बाहेर काढा.

अर्धविराम

जुनी_पाटी काका, दोन_कंस, दोघांचेही आभार. १२ आणि १० लावून चाललं! पण हे लिनक्सवर कम्पाइल होणार नाही ना?

कोरा_कागद

नाही होणार. दोन्हीकडे चालणारा रस्ता एस्केप सिक्वेन्सचा, ज्यांना सगळे 'आन्सी कोड' म्हणतात.

आधी कल्पना स्पष्ट करून घ्या, मग आकडे सोपे आहेत. 'चूक' या शब्दाला स्वतःचा रंग नसतो. टर्मिनलच्या हातात एक पेन आहे असं समजा. तुम्ही मजकुराच्या ओघातच त्याला सांगता, "आता लाल घे". पुढचं सगळं तो लालने लिहितो, तुम्ही "पुरे" म्हणेपर्यंत. तुमचा प्रोग्रॅम संपला तरी पेन त्याच्या हातात लालच राहतं, कारण ते प्रोग्रॅमचं नव्हेच.

हा "आता लाल घे" निरोप म्हणजे काही अक्षरं: २७ क्रमांकाचं एस्केप अक्षर, डावा चौकटी कंस, ३१, आणि शेवटी लहान लिपीतला एम. या धाग्यात मी ते असं लिहितो:

इएससी [ ३१ एम

प्रत्यक्षात मध्ये जागा सोडायची नाही, आणि कोडमध्ये अर्थातच इंग्रजी कळफलकावरचीच अक्षरं नि आकडे. परत मूळ रंगावर यायला इएससी [ ० एम.

अक्षरांचे रंग ३० ते ३७: काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी, पांढरा, याच क्रमाने. पार्श्वभूमी ४० ते ४७, त्याच क्रमाने. उजळ छटा ९० ते ९७ आणि १०० ते १०७. ठळक १, अधोरेखित ४, उलट रंग ७. एकापेक्षा जास्त हवे असतील तर मध्ये अर्धविराम (धागाकर्ते, तुमचं नाव कामी आलं): इएससी [ १;३१ एम म्हणजे ठळक लाल. फक्त अक्षराचा रंग मूळपदावर आणायचा तर ३९, फक्त पार्श्वभूमी तर ४९. ० हे सगळंच पुसून टाकतं, ठळकपणासकट.

सी++च्या स्ट्रिंगमध्ये एस्केप अक्षर टाकायला उलटी तिरपी रेघ आणि एक्स १बी, किंवा तीच रेघ आणि अष्टमान ०३३. रेघेपुढे नुसता ई लिहिलेलाही दिसेल. जीसीसी तो चालवून घेतो, पण सी++च्या प्रमाणात तो नाही.

हे कालपरवाचं नाही. इसीएमए-४८ हे मानक १९७६ साली आलं, अमेरिकेत तेच आन्सी एक्स३.६४ म्हणून १९७९मध्ये. डीइसी कंपनीचं व्हीटी१०० टर्मिनल १९७८चं, तेही या भाषेत बोलायचं. गंमत म्हणजे ते एकरंगी होतं. ठळक, अधोरेखित, लुकलुक, उलट एवढंच जमायचं. तरी आजही लिनक्सवरची टर्मिनलं त्याच घराण्याची नक्कल करतात.

तिरकस_पाहुणा

एवढा खटाटोप कशाला? ग्रेपने (ओळी शोधून देणारी आज्ञा) 'चूक' गाळून घ्या की. काळ्या खिडकीत रंगपंचमी करणाऱ्यांचे प्रोग्रॅम मी बघितलेत. शीर्षक जांभळं, मेन्यू पिवळा, "आपले नाव टाका" आकाशी, आणि खरी चूक आली की ती साध्या पांढऱ्यात.

दोन_कंस

@कोरा_कागद, तुमच्या प्रतिसादाला एक जोड द्यायला हवी, नाहीतर धागाकर्ता दोन्ही तक्ते एकत्र करणार. विंडोजच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये निळा १ आणि लाल ४. आन्सीमध्ये उलटं, लाल १ आणि निळा ४. हिरवा दोन्हीकडे २. म्हणून पिवळा (लाल + हिरवा) तिकडे ६, इकडे ३. जुन्या कोडमधले आकडे तसेच ३०मध्ये मिळवले तर लालच्या जागी निळा येतो आणि माणूस तासन् तास कम्पायलरवर संशय घेत बसतो.

@तिरकस_पाहुणा, ग्रेप चालेल, पण चुकीच्या आजूबाजूच्या नोंदीही बघायच्या असतात. रंगपंचमीबद्दल मात्र सहमत.

अर्धविराम

इएससी [ ३१ एम करून बघितलं. एका खिडकीत झकास लाल. पण दुसऱ्या एका विंडोज १० मशीनवर साध्या सीएमडीच्या खिडकीत लाल काही झालं नाही, उलट बाण का काहीतरी चिन्ह आणि पुढे [३१एम असं चक्क छापून आलं.

कोरा_कागद

तिथे टर्मिनलला निरोप समजून घ्यायची परवानगीच दिलेली नाही, म्हणून तो अक्षरशः छापला गेला. विंडोजच्या कन्सोलला ही भाषा २०१५च्या नोव्हेंबरमधल्या विंडोज १०च्या अपडेटपासून (१५११) कळते. त्याआधी डॉसच्या काळात कॉन्फिग.सिसमध्ये आन्सी.सिस हा ड्रायव्हर भरावा लागायचा. मधली कित्येक वर्षं विंडोजच्या कन्सोलकडे ही सोयच नव्हती, म्हणून सगळे अ‍ॅट्रिब्यूटवाला रस्ता धरायचे.

आता सोय आहे, पण ती चालू करावी लागते. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला गेटकन्सोलमोडने सध्याचा मोड घ्या, त्यात ४ हा बिट मिळवा (एनेबल_व्हर्च्युअल_टर्मिनल_प्रोसेसिंग) आणि सेटकन्सोलमोडने परत लावा. मिळवा म्हणजे ऑर करा. नुसता ४ लावलात तर बाकीचे बिट उडतील. विंडोजपुरता हा तुकडा इफडेफमध्ये ठेवा, लिनक्सवर त्याची गरज नाही.

"माझ्याकडे न लावताच चालतंय" असं म्हणणारे भेटतील. हा मोड प्रोग्रॅमचा नसतो, त्या कन्सोलचा असतो. आधी चाललेल्या दुसऱ्याच कुणीतरी तो लावून तसाच सोडलेला असू शकतो. म्हणूनच "कधी चालतं, कधी नाही" असे किस्से होतात.

सापशिडी

पायथनवाल्यांसाठी: ओएस.सिस्टिमला रिकामी स्ट्रिंग द्या आणि रंग सुरू होतात, अशी युक्ती सगळीकडे फिरते. ती चालते त्याचं कारण कोरा_कागद यांनी आत्ताच सांगितलं तेच. मध्ये क्षणभर जन्मलेला सीएमडी तो बिट लावतो आणि जाताना काढत नाही. उसनवारीवर प्रोग्रॅम चालवण्यापेक्षा कलरामा लायब्ररी घ्या, त्यातलं जस्ट_फिक्स_विंडोज_कन्सोल हे फंक्शन एकदा हाकारा आणि मोकळे व्हा. तक्ते, रंगीत ट्रेसबॅक वगैरे थाट हवा असेल तर रिच लायब्ररी.

आणि आयडलमध्ये (पायथनसोबत येणारा एडिटर) करून बघू नका. आयडलची खिडकी टर्मिनल नाही, ती हे कोड समजून घेत नाही. "पायथनमध्ये रंग येत नाहीत" अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं.

जाता जाता: सी#वाल्यांना कन्सोल.फोरग्राउंडकलर आणि कन्सोल.रिसेटकलर आयतं मिळतं. जावात थेट एस्केप लिहायचा तर उलटी तिरपी रेघ आणि यू००१बी.

अर्धविराम

बिट लावला, दोन्ही मशीनवर लाल-हिरवं दिसायला लागलं. मस्त वाटतंय. पण आता नवीन भानगड. निकाल फाइलमध्ये वळवला (मोठा-चं चिन्ह वापरून) आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर प्रत्येक 'चूक'च्या मागेपुढे कचरा. आणि तिरकस_पाहुणा यांच्या सल्ल्याप्रमाणे ओळीच्या टोकाला 'चूक' आहे का असं ग्रेपने शोधलं तर एकही ओळ सापडली नाही!

तिरकस_पाहुणा

सापडणार कशी? ओळीच्या टोकाला 'चूक' नाहीच, इएससी [ ० एम आहे. सांगत होतो.

कोरा_कागद

तो कचरा म्हणजे तुमचे निरोपच. फाइल काही टर्मिनल नाही, तिला पेन बदलता येत नाही, तिने जे आलं ते लिहून घेतलं. म्हणून शिस्त अशी: समोर टर्मिनल आहे का ते विचारा, असेल तरच रंग पाठवा.

लिनक्सवर इझएटीटीवाय हे फंक्शन, त्याला १ (स्टँडर्ड आउटपुट) किंवा २ (स्टँडर्ड एरर) द्या. विंडोजवर त्याचाच अधोरेखवाला भाऊ आहे. पण तुमच्याकडे तर आयती खूण आहे: हँडल कन्सोलचं नसेल तर गेटकन्सोलमोड अपयशी ठरतं. म्हणजे मोड वाचता आला नाही तर रंग बंद. एका दगडात दोन पक्षी.

ज्या प्रवाहावर लिहिणार त्याचीच चौकशी करा. लोक १ला विचारतात आणि रंग २वर पाठवतात. मग आउटपुट पडद्यावर आणि एरर फाइलमध्ये वळवली की पुन्हा कचरा.

एलएस आणि ग्रेपचा 'कलर' पर्याय 'ऑटो'वर असला की ते हेच करतात. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) १.८.४पासून (२०१३) ऑटो हीच मूळ रीत आहे. जीसीसीच्या चुकांचे संदेश ४.९पासून रंगीत येऊ शकतात, तिथेही ऑटोचा अर्थ हाच. तुमच्या प्रोग्रॅमलाही कलर पर्याय द्या, तीन किमतींचा: ऑटो, ऑल्वेज, नेव्हर. ऑल्वेज कशाला, तर कुणाला रंगासकट लेस-मध्ये (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम) पाइप करायचं असेल. तिथे लेसला मोठ्या आरचा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर तो इएससी असं उलट रंगात दाखवत बसतो.

याशिवाय दोन गोष्टी तपासा. टर्म या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत 'डंब' असेल तर रंग नको. आणि नो_कलर हे व्हेरिएबल लावलेलं असेल तर रंग नको. ही दुसरी रीत २०१७पासूनची. कुठल्या मानकमंडळाची नाही, आपापसातली समजूत आहे, पण बरेच प्रोग्रॅम ती पाळतात.

जुनी_पाटी

गिटबरोबर विंडोजवर जी बॅशची खिडकी येते, तिथे सावध. ती विंडोजचा कन्सोल नाही, आणि तुमच्या प्रोग्रॅमला कधीकधी समोर टर्मिनलऐवजी पाइप दिसतो. मग चौकशीचं उत्तर "टर्मिनल नाही" येतं आणि रंग गुल. ऑल्वेज हा पर्याय अशा वेळी कामाला येतो.

हळूबाई

वाचतेय, छान चाललाय धागा. एक वेगळा मुद्दा मांडते.

मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरचा गडद लाल तर मला जवळजवळ दिसतच नाही. माझ्यासारखी माणसं अजिबात दुर्मीळ नाहीत, पुरुषांत तर हे प्रमाण बरंच जास्त असतं. तेव्हा रंग लावा, पण अर्थ रंगावर टांगू नका. धागाकर्त्याने 'चूक' हा शब्द ठेवलाय ते उत्तम. नुसता लाल ठिपका आणि हिरवा ठिपका छापणारे प्रोग्रॅम माझ्यासाठी कोरेच. गिट डिफ बघा, रंग काढून टाकले तरी अधिक आणि उणे चिन्हं असतात, काही अडत नाही.

जमलं तर 'ठीक'ला रंगच देऊ नका. बहुतेक नोंदी ठीकच असणार ना? सगळी खिडकी हिरवी करून त्यात लाल शोधायला लावण्यापेक्षा चुकीचीच तेवढी रंगवा, आणि ठळक किंवा उलट रंगात द्या. ते मलाही दिसतं.

अर्धविराम

हळूबाई ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. 'ठीक'चा हिरवा काढतो. 'चूक' उजळ लाल (९१) ठेवू की नारिंगी वगैरे काही चांगलं पडेल? २५६ रंगांचं काहीतरी वाचलं.

कोरा_कागद

२५६चा निरोप इएससी [ ३८;५; आणि मग रंगाचा क्रमांक, एम. पार्श्वभूमीसाठी ३८च्या जागी ४८. ० ते १५ हे नेहमीचे सोळा. १६ ते २३१ हा ६ × ६ × ६ चा घन: १६ + ३६ × लाल + ६ × हिरवा + निळा, प्रत्येकी ० ते ५. नारिंगी म्हणजे लाल ५, हिरवा २, निळा ०, तर १६ + १८० + १२ = २०८. उरलेल्या २३२ ते २५५ या करड्याच्या २४ छटा. त्याही पुढे इएससी [ ३८;२;लाल;हिरवा;निळा एम, प्रत्येक ० ते २५५. हा खरा २४ बिटी रंग. विंडोजच्या कन्सोलला तो २०१७च्या अपडेटपासून (१७०३) येतो.

तरी तुमच्या कामाला मी पहिले सोळाच सुचवीन, आणि त्यातही शक्यतो ३० ते ३७. कारण त्या सोळांची खरी छटा कोणती ते वापरणारा ठरवतो. त्याच्या थीममध्ये 'लाल' कसा दिसावा हे त्याने स्वतःच्या डोळ्यांना बघून लावलेलं असतं. हळूबाईंनी त्यांच्या टर्मिनलमध्ये लालच्या जागी नारिंगी बसवला असेल, तर तुमचा ३१ त्यांना नारिंगी दिसेल. तुमचा २०८ किंवा २४ बिटी रंग मात्र सगळ्यांवर सारखाच लादला जातो. पांढऱ्या खिडकीवर फिकट पिवळा लादलात तर तिथे काही लिहिलंय हेही कळणार नाही.

दोन_कंस

मी इथे थोडी वेगळ्या मताची आहे. "सोळाच वापरा" हे ऐकायला छान, पण त्या सोळांचाही भरवसा नाही. विंडोजचा जुना गडद निळा ०, ०, १२८ असा होता, काळ्यावर वाचताच यायचा नाही. २०१७मध्ये रंगसंच बदलला तेव्हा तो ०, ५५, २१८ झाला. सोलराइज्ड ही लोकप्रिय थीम घ्या: तिच्यात ९०च्या घरातले बरेच 'उजळ रंग' प्रत्यक्षात करड्या छटा आहेत, आणि तिच्या गडद रूपात ९० म्हणजे नेमका पार्श्वभूमीचाच रंग! कमी महत्त्वाची टीप म्हणून कुणी ९०मध्ये छापली की गायब.

जिथे पार्श्वभूमीही आपणच रंगवतो, उदाहरणार्थ पूर्ण पडद्याचा प्रोग्रॅम, तिथे दोन्ही रंग स्वतः ठरवलेले बरे. अर्धवट स्वतःचं, अर्धवट दुसऱ्याचं, तिथेच वांधे होतात. तुमच्या 'चूक'ला ठळक ३१ पुरे, त्यावर वाद नाही.

जुनी_पाटी

ठळक आणि उजळ यांचं एक जुनं लफडं आहे. कितीतरी टर्मिनलं १;३१ला अक्षर जाड करण्याऐवजी उजळ लाल दाखवतात, काही दोन्ही करतात. त्यामुळे एका मशीनवर जाड गडद लाल, दुसऱ्यावर बारीक उजळ लाल दिसलं तर दचकू नका.

सापशिडी

पूर्ण पडद्याचे प्रोग्रॅम करायचे तर हाताने कोड लिहीत बसू नये, एनकर्सेस ही लायब्ररी घ्यावी. स्टार्ट_कलर, इनिट_पेअर, कलर_पेअर. शेल स्क्रिप्टमध्ये टीपुट: 'टीपुट सेटएएफ १' लाल, 'टीपुट एसजीआर०' परत मूळपदावर. टर्मिनलला काय जमतं ते टर्मइन्फोतून (टर्मिनलांच्या क्षमतांची यादी) बघूनच ते निरोप पाठवतं.

अर्धविराम

चूक असलेल्या नोंदीची पार्श्वभूमी लाल (४१) करून बघितली. बहुतेक ठीक, पण खिडकीच्या तळाशी पोचल्यावर कधीकधी पुढची रिकामी ओळही टोकापर्यंत लाल होते. आणि मध्येच कंट्रोल-सी दाबलं तर नंतर माझ्या सगळ्या आज्ञा लाल.

कोरा_कागद

दोन्हींचं मूळ एकच, पेन हातात राहिलं.

पहिलं असं: तुम्ही ओळ संपवून मग ० पाठवताय. न्यूलाइनमुळे खिडकी वर सरकते तेव्हा खाली नवीन ओळ येते, आणि कितीतरी टर्मिनलं ती चालू पार्श्वभूमीने भरतात. ० आधी, न्यूलाइन नंतर. क्रम बदला, लाल शेपूट जाईल.

दुसरं: रंग, शब्द आणि ० या तिन्हींची एकच स्ट्रिंग करून एकदम छापा. मग मधल्या मध्ये तुटायची शक्यता फारच कमी उरते. लांबलचक रंगीत मजकूर असेल तर कंट्रोल-सीचा सिग्नल पकडून ० पाठवता येतो, पण लिनक्सवर सिग्नल हँडलरमध्ये सीआउट किंवा प्रिंटएफ वापरू नका, तिथे ते सुरक्षित नाहीत. थेट राइट वापरा. टर्मिनल रंगून बसलंच असेल तर 'टीपुट एसजीआर०' किंवा 'रिसेट' टाइप करून एंटर.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. तुम्ही फाइलमधली नोंद जशीच्या तशी पडद्यावर छापताय. त्या नोंदीतच कुणी एस्केप अक्षर टाकून ठेवलं असेल तर टर्मिनल तेही इमानेइतबारे पाळणार. रंग बदलणं हा त्यातला निरुपद्रवी प्रकार. अशाच निरोपांनी पडदा पुसता येतो, कर्सर वर नेऊन आधीची ओळ झाकता येते, खिडकीचं शीर्षक बदलता येतं. बाहेरून आलेल्या मजकुरातलं २७वं अक्षर छापण्याआधी गाळा किंवा प्रश्नचिन्हाने बदला.

हळूबाई

बॅशचा प्रॉम्प्ट रंगवणाऱ्यांसाठी, विषयाला धरूनच. पीएस१मध्ये (प्रॉम्प्ट ठरवणारं व्हेरिएबल) रंगाचे कोड टाकले की लांब आज्ञा लिहिताना ओळ पुढे न सरकता स्वतःवरच परत लिहिली जाते, हा अनुभव बऱ्याच जणांचा असेल. बॅश त्या कोडचीही लांबी मोजतं. प्रत्येक कोड उलटी रेघ-डावा चौकटी कंस आणि उलटी रेघ-उजवा चौकटी कंस यांच्या मध्ये ठेवला की मोजत नाही.

अर्धविराम

ताई, लांबी मोजण्यावरून आठवलं! माझे रकाने वाकडे झालेत. सेटडब्ल्यूने (सी++मध्ये रकान्याची रुंदी ठरवणारं) १० जागा दिल्यात, पण 'चूक'नंतर रिकामी जागा सुटतच नाही. 'ठीक' असेल तिथेही जेमतेम एकच सुटते. रंग नसताना दोन्हींना एक तरी सुटायची.

कोरा_कागद

सेटडब्ल्यूला पडद्यावरची रुंदी कळत नाही, ते बाइट मोजतं. इएससी [ ३१ एम हे ५ बाइट, इएससी [ ० एम हे ४. 'चूक' यूटीएफ-८मध्ये ९ बाइट, कारण च, ऊकार आणि क, प्रत्येकी ३. झाले १८. तुम्ही मागितलेले १० त्यात कधीच भरले, मग रिकामी जागा कशाला सोडेल? रंग नसतानाही ९ बाइट भरून एकच जागा सुटत होती, म्हणजे रकाना आधीही तुम्हाला वाटतो तसा १०चा नव्हताच.

रंगाचा भाग सोपा: आधी रिकाम्या जागा भरून शब्द तयार करा, मग त्याला रंग गुंडाळा. देवनागरीचा भाग मात्र चिवट आहे. ऊकार अक्षराच्या खाली बसतो, त्याला वेगळी जागा लागत नाही. 'ठीक'मधल्या ईकाराला काही टर्मिनलं एक जागा देतात, काही देत नाहीत. म्हणजे अचूक रुंदी तुम्ही काढलीत तरी समोरचं टर्मिनल ती मानेलच असं नाही.

म्हणून मोजूच नका. पुढचा रकाना कुठे सुरू व्हायला हवा ते टर्मिनलला सांगा: इएससी [ ४० आणि मोठ्या लिपीतला जी म्हणजे "याच ओळीत ४०व्या रकान्यावर जा". आधीचा शब्द किती जागा खातो याच्याशी देणंघेणं नाही. फाइलमध्ये लिहिताना अर्थातच हाही निरोप नको, तिथे टॅब टाका.

अर्धविराम

४० जी लावलं, रकाने सरळ झाले. 'चूक' शेवटच्या रकान्यात नेलंय, ठळक ३१मध्ये, फाइलमध्ये टॅब आणि रंग बंद. 'ठीक' साधंच. तिरकस_पाहुणा यांचं ग्रेपही आता ओळीच्या टोकाला 'चूक' शोधून देतंय.

तिरकस_पाहुणा

मग नो_कलर लावूनही एकदा चालवा. आणि ते व्हेरिएबल लावलंय पण किंमत रिकामी आहे, तेव्हा रंग आले पाहिजेत. रिकामी किंमत म्हणजे न लावल्यासारखंच, ही त्या समजुतीतली अट. गेटएन्व्हने नुसता नल आहे का एवढंच बघाल तर तिथे चुकेल, पहिलं अक्षरही तपासा.